शोकेसमधली शॅम्पेन

लेकीचं लग्न ठरलं तशी बायकोनं शोकेसमधली शॅम्पेन काढून होणाऱ्या जावयाच्या हातात दिली. “यांच्या साहेबांनी पॅरिसहून आणलेली!”

“अगं, शोभेची आहे ती,” सबनीस पुटपुटले. साहेबांच्या पार्टीतली रिकामी बाटली त्यांनी पिशवीत लपवून आणली होती. दर दिवाळीच्या साफसफाईत ते गुपचूप तिच्यात कोरा चहा भरत. पाहुणे येणार म्हणून कालच ताजा भरला होता.

जावयानं बूच काढलं. ना आवाज, ना फेस. सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोटीवर जग फिरलेल्या व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि सबनीसांकडे पाहिलं.

“वा, अस्सल!” म्हणत त्यांनी बाटली स्वतःजवळ ओढली. “पोरांनो, हात लावायचा नाही. ही आम्हा दोघांची.”

सबनीसांनी मुकाट चहा प्यायला. मान काही वर होईना.