तीन मिनिटांवरचं घर

“मावशी, झाली की तीन मिनिटं! स्टेशनच्या दारापासून थेट घराच्या दारात,” एजंटने घड्याळ पुढे केलं.

“ती तुमच्या पायांनी. थांबा, माझं मला बघू द्या.”

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंनी पिशवीतून उंच टाचांचे सँडल काढले, पायांत चढवले आणि पुन्हा स्टेशनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई आणि पायांत हे असलं! एजंटने कसंबसं हसू दाबलं.

सँडल लेकीचे होते. लग्न होऊन गेली तेव्हा मागे राहिलेले. लेक याच शहरात होती, पण तिचं पाऊल आईच्या घराला लागून आठ महिने झाले होते. फोनवर दर वेळी तेच पालुपद. “यावंसं खूप वाटतं गं आई, पण स्टेशनपासून तुझं घर पंचवीस मिनिटं. ऑफिसच्या चपलांत पायांचे तुकडे पडतात.” आता लेकीच्या पायांचे तुकडे पडत असताना आईने जुनं घर धरून बसायचं? छे! लेक रोज ज्या स्टेशनवर गाडी बदलते, नेमकं तिथलंच घर बघायला बाई निघाल्या होत्या.

भिंतीला धरत, अडखळत त्या दाराशी पोचल्या. पाच मिनिटं. म्हणजे लेकीला तीनच.

“पण मावशी, गाडी आली की इथे भांडी वाजतात हं. आणि तुमच्या शिलाई मशीनला जागा नाही,” एजंट प्रामाणिक निघाला.

“वाजू देत. तेवढीच सोबत.”

तीस वर्षांचं मशीन त्यांनी जुन्या शेजारणीला देऊन टाकलं. देताना जीव तुटला. लेकीला फक्त घर बदलतेय एवढंच सांगितलं. कुठे, ते मुद्दाम नाही.

सोमवारी सकाळी त्या नव्या घराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. समोरच फलाट. आणि अगदी वेळेवर लेक गाडीतून उतरली! बाईंनी घाईघाईने फोन लावला.

लेकीने पर्समधून फोन काढला. नाव बघितलं. आणि वाजता फोन तसाच पर्समध्ये टाकून दिला. पुढच्या गाडीला अकरा मिनिटं होती, फलाटावरची पाटी तसं सांगत होती. ती अकरा मिनिटं लेक बाकावर नुसती बसून होती.

तिचा फोन संध्याकाळी आला. “आई, सकाळी मीटिंगमध्ये होते गं.” मग जरा चाचरत, “नवं घर... स्टेशनजवळ घेतलंस की काय?”

खालून गाडी येत होती. ताटल्या थरथरायला लागल्या. बाईंनी आधी खिडकी लावून घेतली, ताटल्यांवर हात दाबून धरला.

“कुठलं गं! आधीच्यापेक्षाही लांब. तू नको हो येऊस, पायांचे तुकडे पडतील तुझ्या.”