आठ गुणांना सतरा मिनिटं

"ऐंशीपैकी एकतीस!" निरुपमबाबूंनी गुणपत्रिका खिडकीच्या जाळीवर आपटली. "माझ्या मुलीला इतिहासात एकतीस! कुठल्या गाढवानं उत्तरांची वही तपासली, त्याचं नाव सांगा मला."

खिडकीमागचे बोर्डाचे कारकून पाकडाशीबाबू पान चघळत होते. "नाव सांगता येत नाही, मास्टरमशाय. वही दाखवता येते. अर्ज भरलात, आता पाळी येईल. बसा."

"बसून काय करू? शुक्रवारी कॉलेजची यादी बंद होते. इतिहास ऑनर्सला पंचेचाळीस लागतात. पोरीचं वर्ष गेलं तर बोर्ड भरून देणार आहे?"

मागच्या बाकावरून तितिर पुटपुटली, "बाबा, हळू बोला ना. सगळे बघतायत."

"बघू देत! चोरी आपण केली की त्यांनी?"

त्यांचा संताप काही उगाच नव्हता. निरुपम समाद्दार म्हणजे बांकुड्यातलं परीक्षेचं चालतंबोलतं घड्याळ. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, पण पोरांच्या जन्माला पुरलं ते त्यांनी शिकवलेलं वेळेचं गणित. पहिली पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका नुसती वाचायची. येतं ते आधी लिहायचं. आठ गुणांना सतरा मिनिटं, अठरावं लागलं की वाक्य अर्धं टाकून पुढचा प्रश्न. आणि उत्तर सुरू करताना नि संपवताना पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक वेळ टिपायची, शेवटच्या दहा मिनिटांत ती खोडून टाकायची.

ही सवय त्यांच्या स्वतःच्याही अंगात भिनलेली. मासळी बाजाराच्या यादीवरसुद्धा गेल्याची नि आल्याची वेळ असायची, इंग्रजी आकड्यांत, साताच्या पोटात आडवी रेघ मारलेली. बायको म्हणायची, "लग्न किती वाजता लागलं ते पत्रिकेमागं टिपलंय यांनी. संपल्याची वेळ तेवढी राहिलीय."

तितिर दोन वर्षं सिलिगुडीला मामाकडे राहून शिकली. हे सगळं त्यांनी तिच्याकडून फोनवर घोटून घेतलं होतं, आणि तिनं ते निमूट पाळलं. पेपर सकाळी दहाचा. दुपारी सव्वा वाजता सुटल्यावर तिनं फोन केला, "बाबा, पाचही मोठी उत्तरं झाली. वर नऊ मिनिटं उरली." निरुपमबाबूंनी त्या दिवशी गल्लीभर संदेश मिठाई वाटली होती.

आणि हातात काय पडलं, तर एकतीस.

"होतं असं कधी कधी," पाकडाशीबाबू म्हणाले. "तपासणारी माणसंच ना शेवटी."

"हे तुम्ही मला सांगता? बावीस वर्षं मी बोर्डाच्या वह्या तपासतोय. यंदाही दीडशे वह्यांचं गाठोडं दारात पडलं. घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. पोरीला आणायलासुद्धा गेलो नाही, मामानं आणून सोडली. आणि जिल्ह्यात सगळ्यांच्या आधी वह्या परत केल्या. वेळ पाळणं म्हणजे काय ते माझ्याकडून शिका म्हणावं."

"मग वह्यांची अदलाबदल झाली असेल."

"झाली असेल तर बघताक्षणी सांगेन. पोरगी बंगाली 'र'खालचा ठिपका लांब भिरकावते. हजार वह्यांत ओळखीन मी तिचं अक्षर."

तितिर खाली मान घालून हसली.

अखेर पुकारा झाला. आतल्या टेबलावर पाकडाशीबाबूंनी वही ठेवली. निरुपमबाबूंनी मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी मांडलं आणि वही उघडली. पहिल्याच ओळीत ठिपका लांब जाऊन पडला होता.

"तिचीच आहे," ते म्हणाले.

पहिल्या मोठ्या उत्तराला आठपैकी तीन. उत्तर त्यांनी दोनदा वाचलं. त्यात काढायला चूक नव्हती. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"ही चार पानं बघा! लाल शाईचा टिपूस तरी आहे का? दोन अख्खी उत्तरं! सोळा गुण! यानं पानंच उलटली नाहीत हो! पोरीनं चौतीस मिनिटं जीव ओतून लिहिलं, आणि या नालायकाला चौतीस सेकंद जड झाले! माणूस आहे की कोण?"

पाकडाशीबाबूंनी पान थुंकलं आणि चष्मा लावून वही पाहिली. त्यांचाही चेहरा उतरला. "लिहून द्या, मास्टरमशाय. सोळा गुण कुठे जात नाहीत, शुक्रवारच्या आत कागद मिळेल. पण तक्रार केलीत तर तपासनिसाची चौकशी लागेल. नाव जाहीर होईल, वह्या कायमच्या बंद. बघा, कुणाच्या तरी अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या पोरीच्या वर्षाचा नाही? आणा कागद!"

त्यांनी कागद भरून लिहिलं. बेजबाबदार, कामचुकार, शिक्षक म्हणवून घ्यायला नालायक, यातलं काही सोडलं नाही. खाली ठसठशीत सही केली. पाकडाशीबाबूंनी शिक्का मारला आणि कागद फायलीत लावून टाकला.

तितिरनं तोवर वही शेवटच्या पानापर्यंत चाळली होती. तिनं एकदम पानाच्या कोपऱ्यावर तळहात दाबला.

"बाबा, झालं ना? गुण मिळतायत. चला, जाऊ या."

"हात काढ."

"बाबा, आई वाट बघत असेल. चला ना."

"हात काढ म्हणतो ना, पोरी! काय झाकतेस? आणखी काय दिवे लावलेत त्या गाढवानं?"

तितिरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलेना. निरुपमबाबूंनी तो धरून बाजूला केला.

कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक वेळ टिपलेली होती. दुपारी चार-चौदा ते चार-सतरा. साताच्या पोटात आडवी रेघ होती.