शेवटच्या प्रकरणातला गहू

तळघरातल्या फळ्यांवर गव्हाचे अठ्ठेचाळीस डबे होते, पीचच्या सदतीस बरण्या आणि मिठाची दोन पोती. मधल्या जागेत एक टेबल, दोन खुर्च्या. थोराच्या मांडीवर टाइप केलेली तीनशे बारा पानं.

याच टेबलाशी बसून नेड्राने सहा वर्षांत ती कादंबरी लिहिली होती आणि तिच्यात सगळं जग मारलं होतं. उरली होती फक्त अकरा वर्षांची एक मुलगी. पानं आता प्रकाशकाकडे जायची होती. त्याआधी तिने ती नणंदेला, नवरा डेलच्या बहिणीला, वाचायला दिली, कारण आयडाहोतल्या त्या गावात भयकथा उघडपणे वाचणारी थोरा एकटीच. रविवारी चर्चलासुद्धा तिच्या पर्समध्ये एखादी असायची.

"आकाश उसवतं ते पटलं," थोरा म्हणाली. "त्यातून जे लोंबत खाली येतं, तेही पटलं. ते गावच्या बिशपना पोटमाळ्यावर गिळतं तेव्हा तर, खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं."

"हळू बोल गं. डेल वरच आहे."

"असू दे. बहीण कशी आहे ते त्याला ठाऊक आहे." थोराने शेवटची पानं वेगळी काढली. "पण गहू नाही पटला."

नेड्राच्या हातातला सरबताचा ग्लास तसाच राहिला. त्या गव्हासाठी तर तिने सगळं लिहिलं होतं. मुलगी उपाशी, थकलेली, एका पडक्या तळघरात शिरते. तीस वर्षांपूर्वीचा डबा फोडते, दाणे पेरते, आणि शेवटच्या ओळीत अख्खा उतार हिरवा होतो.

"का नाही पटला? डब्यावर लिहिलेलंच आहे, तीस वर्षं टिकतो."

"खायला टिकतो. दळ, पाव होईल. पेरलास तर चिखल."

"तू पेरून पाहिला आहेस?"

थोराने फळ्यांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतले डबे तिच्या आणि डेलच्या आईने भरले होते, १९९१ च्या उन्हाळ्यात, चारही मुलांना अंगणात रांगेत उभं करून. झाकणांवर अजून तिचंच अक्षर होतं. "नाही," ती म्हणाली. "आपल्यात कोणीच पाहिला नसेल. चर्च म्हणतं वाईट दिवसांसाठी साठवा, म्हणून आपण नुसता भरतो."

नेड्राने उठून त्यातलाच एक डबा काढला.

"आईचा?" थोराने विचारलं.

"तिचाच. माझ्या गोष्टीतल्या मुलीच्या हाती तोच लागलाय."

वर स्वयंपाकघरात त्यांनी ओल्या कागदी टॉवेलवर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या. थोराने फुटके दाणे निवडून बाजूला काढले. नेड्राने एक परत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा थोराने तिच्या बोटावर चापट मारली. टॉवेलची गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजवर ठेवली, तिथे ऊब असते म्हणून.

"हे जेवण आहे की प्रयोग?" डेलने दारातून विचारलं.

"आपल्या आईची परीक्षा," थोरा म्हणाली. "जा, मॅच बघ."

मग आवाज खाली आणून नेड्राने विचारलं, "आणि एकही नाही उगवला तर?"

"तर तुझी मुलगी आदल्याच प्रकरणात मरते."

"मी नाही तिला मारणार."

"सगळं जग मारताना तुझा हात नाही थरथरला."

"ते जग होतं. ही एकटी राहिलीय."

पिशवीचं तोंड थोराने पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

आठवडा उलटल्यावर थोरा भिंग आणि पोलादी पट्टी घेऊन आली. पानं अजून टेबलावरच होती. नेड्राने ती पाठवली नव्हती. टॉवेल उलगडताना आंबूस वास आला. नेड्राने मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

"तू मोज. मी मोजले तर जास्त निघतील."

थोराने डावीकडून मोजले. मग उजवीकडून मोजले. भिंग खाली ठेवून पट्टी लावली.

"शंभरात चार," ती म्हणाली. "सर्वांत लांब कोंब पाऊण इंच. उतार नाही हिरवा होणार, पण तुझी मुलगी मरायची नाही."