श्वासाची तपासणी

"गेले दोन आठवडे त्या औषधी मुळीच्या कॅप्सूल बंद होत्या ना?" डॉक्टर मॅडमनी कागदातून मान वर न करता विचारलं.

"एकदम बंद," ट्रम्पेटवाला म्हणाला.

त्याची थोरली बहीण, ताई, शेजारच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. पोटातल्या ज्या जंतूने वडिलांना कॅन्सरपर्यंत नेलं, तोच याच्याही पोटात निघाला होता. गोळ्यांचा कोर्स नको, घशातून नळी तर नकोच, म्हणून हा बहाद्दर नव्या औषधाच्या चाचणीत शिरला. मुळीतलं द्रव्य प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू मारत होतं. पोटात मारतं का, ते बघायचं होतं. अट एकच. तपासणीआधी दोन आठवडे औषध बंद. नाहीतर जंतू नुसता गुंगीत पडून राहतो, यंत्राला सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

तपासणीसाठी अर्ध्या तासापूर्वी प्यायलेल्या आंबट पाण्याचा ग्लास टेबलावर तसाच होता. मॅडमनी न बघताच पिशवी पुढे केली. "फुंकायला जमेल?"

"चाळीस वर्षं तेच करतोय," तो म्हणाला आणि सवयीने ओठांवरून जीभ फिरवली.

जीभ पिवळीजर्द होती.

ताईला ती दिसली. कॅप्सूल गिळवत नाही म्हणून हा ती फोडून आतली पिवळी भुकटी चाटायचा. रंग दुपारपर्यंत टिकायचा. म्हणजे परीक्षेच्या दिवशी पोरं शेवटची उजळणी करतात, तशी याने आज सकाळीही चाटली होती.

पिशवी एका दमात टम्म फुगली. यंत्र थोडा वेळ गुरगुरलं.

"जंतू सापडला नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या नकोत, नळी नको. इथे सही करा."

"बघितलंस ताई? उगाच जीव खात होतीस माझा." तो हसत होता, पण पेनचं टोपण काही काढत नव्हता. ताईला त्याची फार कीव आली. गप्प बसावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"बाबाही एकदा, जंतू सापडला नाही म्हणून, असेच हसत घरी आले होते," ती म्हणाली. "मॅडमना जीभ दाखव."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली.

ट्रम्पेटवाल्याने ओठ मिटले, पहिला सूर लावण्याआधी मिटायचा तसे.