आमची कोठेही शाखा नाही

"आधीच्या तिघांनी वाट लावलीय, तू तरी नीट कर," असं मी चौथ्या एआयला खडसावलं. गुगलवर सोलापुरी शेंगाचटणी शोधली की समोरच्या जाऊबाईंचंच दुकान दिसायचं. आमच्या दुकानाची वेबसाइट कुठेच नाही.

पहिल्या एआयला मी जाऊबाईंची वेबसाइट दाखवून म्हटलं होतं, "हुबेहूब अशीच बनव, फक्त नाव आमचं घाल." दुसऱ्याने पहिल्याला नावं ठेवत, साइट पटकन उघडावी म्हणून फोटो हलके केले, तिसऱ्याने दुसऱ्याचं सगळं उपसून टाकलं. गुगल ढिम्म. चटणी कुटायला मला त्यांनीच शिकवलं, हे जाऊबाई गावभर सांगत फिरतात, तेवढं पुरे नव्हतं?

चौथ्याला मात्र दुखणं सापडलं. नवऱ्याने वाचून दाखवलं. आमच्या प्रत्येक पानात गुगलसाठी एक छुपी ओळ होती, 'अस्सल पान या पत्त्यावर', आणि पत्ता जाऊबाईंच्या साइटचा. हुबेहूब उतरवताना तीही उतरली होती.

"काढ ती ओळ! धादांत खोटं आहे!" मी ओरडले.

"काढतो," म्हणत नवऱ्याने दारावरच्या आमच्या पाटीकडे पाहिलं. 'अस्सल चटणी. आमची कोठेही शाखा नाही.'

"पण त्या ओळीत," तो म्हणाला, "खोटं काय आहे?"