सातदा उसवलेली गोधडी

नोंदणी केंद्रातल्या दिघे मॅडमनी टेबलावर गोधडी उलगडली. तिच्या दोन्ही कडांना हात बाहेर काढण्यापुरत्या फटी होत्या. सलाईनचा हात मोकळा राहावा आणि अंग मात्र झाकलेलं असावं, म्हणून हौसाने शेवटच्या आजारपणात ती शिवली होती. आता गावोगावचे दवाखाने तशाच गोधड्या वापरत होते, आणि निवृत्ती घोलप ही कल्पना बायकोच्या नावावर नोंदवायला आले होते.

"काका, यांचा बुद्ध्यंक एक्क्याण्णव होता," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "एकशेवीसच्या खालच्या माणसाची सर्जनशीलता यंत्र तपासतच नाही. त्यांच्या वस्तूंची नोंद 'योगायोग' म्हणून होते. बिननावाची."

निवृत्तींनी गोधडीची फट उजेडाकडे धरली. सुईची जुनी भोकं ओळीने दिसत होती.

"सातदा उसवून परत शिवलीय तिनं. सातदा योगायोग होतो का हो?"

मॅडमनी आवाज खाली आणला. "तुमचा एकशेचोवीस आहे. तुमच्या नावावर टाकते. आत्ता होऊन जाईल."

"मला साधं बटण लावता येत नाही, मॅडम. हौसा म्हणायची, अहो एकशेचोवीस, तो शर्ट द्या इकडं."

मॅडमना हसू आलं. निवृत्तींनी अर्जावर 'हौसा निवृत्ती घोलप' असं लिहिलं आणि तो यंत्रात सरकवला. यंत्राने तो लगेच बाहेर टाकला.

"काका, ते घेणारच नाही."

निवृत्तींनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"तिनं सातदा उसवली. माझा हा पहिलाच होता. दुसरा कोरा अर्ज द्या."