पोरीला पेलंल का?

नव्या सिनेमात सुपरहिरो वज्रवीर मरतो आणि त्याचा मुखवटा खेड्यातली एक सावळी पोर चढवते. त्यावरून किन्हवलीच्या एसटी थांब्यावर वाद पेटला होता.

“पोरगी कसली वज्रवीर गो?” अक्षय मनस्वीवर खेकसला. “उद्या बोलशील, आपल्या बोहाड्याच्या जत्रेत रावणाचं सोंगपण पोरीच नाचवतील!”

“नाचवतील की! तुला काय त्रास?”

“धा तोंडांचा मुखवटा हाय तो! काल राती अनिलकाकांनी कसला नाचवला, बघितलास ना? खांद्यात दम लागतो. दामिने, तुझेच बाबा ना? तूच सांग, पोरीला पेलंल का?”

रावणाच्या सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या दामिनीच्या घराकडे होता. घरात नाचवणारा पुरुष उरला नाही, की सोंग दुसऱ्याच्या घरी जायचं आणि परत यायचं नाही.

“नाय रे,” दामिनी कशीबशी म्हणाली. “नाय पेलायचं.”

 

अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या बापाच्या गोळ्या तिने पिशवीत तळाशी सारल्या आणि मुखवट्याच्या दोरीने खांद्यांवर उठलेले वळ ओढणीने झाकून घेतले.